पक्की कबर, कच्ची क्षमा

सांगली, मिरज, सातारा या पट्ट्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक सभेत दफनभूमीचा विषय निघाला की बोलणे जागेपासून सुरू होते आणि जागेवरच संपते. जागा पुरत नाही, नगरपालिकेने आणखी द्यावी, कुंपण व्हावे, नळ हवा. मागण्या रास्त आहेत. पण आहे त्या जागेत आपण काय उभे करतो आहोत, हे कोणी विचारत नाही. विटा-सिमेंटचा चौथरा, त्यावर काळा ग्रॅनाइट, आणि ग्रॅनाइटवर बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायातले ५५ वे वचन: ‘अरे मरणा, तुझा विजय कोठे? अरे मरणा, तुझी नांगी कोठे?’ कोरणारा तेथे थांबतो. ‘मरणाची नांगी पाप आहे’ हे पुढचे, ५६ वे वचन शिळेवर सहसा दिसत नाही.

पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचा सगळा युक्तिवाद त्या सोडून दिलेल्या वचनावर उभा आहे. मरणाला विष चढले ते पापामुळे. पापाची क्षमा झाली म्हणून विष उतरले, आणि म्हणून विजय. उपासनेतल्या ‘प्रेषितांच्या विश्वासांगीकारा’तही आपण हाच क्रम म्हणतो: पापांची क्षमा, देहाचे पुनरुत्थान, सार्वकालिक जीवन. क्षमा आधी येते. आपल्याकडे मात्र पुनरुत्थानाची वाट सिमेंटमध्ये पाहिली जाते आणि क्षमेचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला जातो. मंडळ्यांनी ठराव करून पक्क्या कबरी बांधणे थांबवावे, मातीची कबर ठरावीक वर्षांनी पुन्हा वापरावी, आणि आज कबरीवर खर्च होणारा पैसा व जोर जिवंतपणीच्या समेटासाठी लावावा, असे या लेखाचे म्हणणे आहे. ते अनेकांना रुचणार नाही.

पक्क्या कबरीच्या मुळाशी, कोणी उघड बोलत नसले तरी, एक समजूत असते: देह जितका शाबूत, तितके पुनरुत्थान खात्रीचे. गंमत अशी की ही समजूत मंडळीची नव्हे, मंडळीचा छळ करणाऱ्यांची होती. इ. स. १७७ मध्ये गॉल प्रांतातल्या (आजच्या फ्रान्समधल्या) लियोंमध्ये ख्रिस्ती लोकांना ठार केल्यावर त्यांची प्रेते सहा दिवस उघड्यावर ठेवली, मग जाळून राख रोन नदीत सोडली. उद्देश हा की पुनरुत्थानाची आशाच उरू नये. मंडळीने त्या हुतात्म्यांना पुनरुत्थानातून वगळले नाही. उलट त्यांचे स्मरण अधिक मानाने केले. पुढे ४१० मध्ये रोम लुटले गेले, कितीतरी प्रेते दफनाविना पडली. तेव्हा बिशप आणि धर्मचिंतक ऑगस्टीनने स्पष्ट लिहिले की अंत्यविधीचा थाट मृताच्या मदतीसाठी नसतो, तो जिवंतांच्या समाधानासाठी असतो. तरीही त्याने दफनाला हलके मानले नाही. देहाला मान द्या, पण देहावर भरवसा ठेवू नका, एवढीच ती रेघ आहे.

येशूच्या काळच्या यरुशलेमातली रीतही पाहावी. खडकात कोरलेल्या गुहेत दगडी ओट्यावर प्रेत ठेवत. साधारण वर्षभराने अस्थी गोळा करून चुनखडीच्या पेटीत भरत आणि ओटा पुढच्यासाठी मोकळा होई. अशा शेकडो अस्थिपेट्या यरुशलेमच्या परिसरात सापडल्या आहेत. म्हणजे कबर पुन्हा वापरणे ही मुंबईतल्या दाटीने शिकवलेली तडजोड नाही. सुवार्ता जिथे घडली तिथला तो नित्याचा व्यवहार होता. येशूला ठेवले ती कबर तर अरिमथाईकर योसेफाने स्वतःसाठी खोदलेली होती.

दहनाचा प्रश्न इथे थोडक्यात. रोमन कॅथलिक मंडळीने १९६३ पासून दहनाला मुभा दिली आहे. २०१६ च्या सूचनेनुसार राख विखरू नये, घरी ठेवू नये, पवित्र जागी ठेवावी. प्रोटेस्टंट मंडळ्यांना श्रद्धेच्या अंगाने अडचण नाही. ज्याला हवे त्याला करू द्यावे. बहुतेकांना मातीच हवी असते, आणि मातीबद्दलच आपण बेफिकीर आहोत.

दफनविधीत पाळक म्हणतात, मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ. आणि मग आपण माती व देह यांच्यामध्ये नऊ इंची भिंत घालतो! पक्क्या कबरीत प्रत्यक्षात काय होते ते समजून घ्यावे. सहा फूट खोल खड्डा, चारही बाजूंनी विटांची भिंत, आतून गिलावा, वर आरसीसीची फरशी. हवा खेळत नाही, जमिनीतले जिवाणू, बुरशी, किडे देहापर्यंत पोचत नाहीत. पाणी मात्र पोचते. कृष्णाकाठची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या ओढाताणीत गिलाव्याला तडे जातात. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. साचलेल्या पाण्यात, प्राणवायूवाचून, शरीरातल्या चरबीचा मेणचट थर बनतो आणि कुजण्याची क्रिया अडते. वर्षांनंतर फरशी उघडावी लागली तर समोर अस्थी नसतात. अर्धवट राहिलेला देह असतो. घरच्यांनी मायेने केलेल्या खर्चाचे हे फळ.

शवपेटीही यात भर घालते. प्लायवूड, त्यावर सनमायका किंवा पॉलिश, आत फोमची गादी, पॉलिस्टरचे सॅटिन, अंगावर नायलॉनची साडी किंवा टेरिकॉटचा सूट, सोबत प्लास्टिकची फुले. यातले बहुतेक काही मातीत सहज जिरत नाही. वसईतल्या काही पॅरिशांनी याच कारणाने पेटीविना दफन सुरू केले: देह सुती कापडात, नेण्यापुरती पेटी सर्वांची मिळून एक. आपल्याकडच्या मंडळ्यांना हे करायला कोणाची परवानगी लागत नाही, फक्त लोक काय म्हणतील याची भीती सोडावी लागते.

आणि पूर. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. अशा वेळी सखल भागात जमिनीखालचे पाणीही चढते. सात बाय तीन फुटांच्या बांधीव कबरीत चार फूट उंचीची पोकळी कोरडी राहिली असेल, तर ती ८४ घनफूट झाली. भिजलेल्या जमिनीत तिला खालून सुमारे २.४ टन उचल बसते. वरची फरशी तेवढी जड नसते. मग सांधे उकलतात, भिंत कलते, चौथरा तिरका होतो. मातीने भरलेल्या कबरीत पोकळीच नसल्याने उचलायला काही उरत नाही. पूर ओसरल्यावर वरचा उंचवटा खचलेला दिसतो, दोन पाट्या माती टाकली की काम झाले.

मातीची कबर नीट करायचे शास्त्र साधे आहे, पण आहे. खड्डा सात फूट लांब, तीन फूट रुंद. डोके पश्चिमेला, पाय पूर्वेला, ही जुनी रीत ठेवावी. तिच्यामुळे रांगा सरळ राहतात, हा व्यवहारी फायदाही आहे. साताऱ्याकडच्या मुरमात सहा फूट खोली मिळते, कधी कधी चार फुटांवर कातळ लागतो. अशा जागा आधीच पहारीने चाचपून नकाशावर खूण करून ठेवाव्यात, म्हणजे पेटी दारात आणि खणणारे कातळाशी झगडताहेत अशी वेळ येत नाही. काळ्या जमिनीत पाच फूट पुरे. खोलीपेक्षा महत्त्वाचे हे की तळाखाली निदान एक मीटर कोरडी जमीन राहावी. जवळच्या विहिरीतली ऑगस्टमधली पातळी पाहिली की अंदाज येतो. जिथे ते अंतर राहत नाही तिथे दफन करूच नये, जागा कितीही मोक्याची असो.

खणताना वरचा फूटभर सुपीक थर वेगळा टाकावा आणि भरताना तो शेवटी, वरच घालावा. दर फुटाला हलके दाबत भरले तर खचणे कमी होते. वर फूट-सव्वा फूट उंचवटा ठेवावा. एक पावसाळा गेला की तो जमिनीलगत येतो. नावाचा छोटा दगड त्यानंतरच रोवावा. महिन्याभरात, ‘चाळिसाव्याच्या आत’ म्हणून बसवलेल्या लाद्या जूनमध्ये दुभंगतात त्या कारागिराच्या चुकीने नव्हे, खालची माती अजून बसायची असते म्हणून. प्रेतावर चुना आणि मीठ टाकायची सवयही सोडावी. चुन्याने कुजणे लवकर होते असे वाटते, प्रत्यक्षात तो ते लांबवतो. मीठ तर आपण लोणचे टिकायला घालतो.

आता जागेचा हिशोब. रस्ता धरून एका कबरीला आठ बाय चार, म्हणजे ३२ चौरस फूट. गुंठ्याचे १०८९ चौरस फूट, त्यात ३४ कबरी बसतील. मधली वाट, फाटक, झाडे, भिंतीलगतची पट्टी वजा करता २५ धराव्यात. दहा गुंठ्यांत २५०. वर्षाला १२ दफने होणाऱ्या मंडळीची ही जागा पक्क्या कबरींनी २१ वर्षांत संपते, कायमची. तीच जागा मातीच्या कबरी आणि १५ वर्षांचे चक्र ठेवून वापरली तर एका वेळी १८० कबरीच अडकतात. ७० नेहमी हाताशी राहतात. जागा पुरत नाही हे गाऱ्हाणे घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जाण्याआधी हे गणित कमिटीने एकदा फळ्यावर मांडावे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप श्रद्धेचा नाही, मालकीचा आहे. पक्क्या कबरी दिसल्या तर अतिक्रमण होत नाही. मोकळी माती दिसली की शेजारचा कुंपण सरकवतो. ही भीती खोटी म्हणता येत नाही, अल्पसंख्य समाजाची तर नाहीच. जानेवारी २०२५ मध्ये बस्तरमधल्या एका ख्रिस्ती पाळकाचा देह जवळपास तीन आठवडे शवागारात पडून होता. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मत विभागले, आणि अखेर गावापासून दूर, ख्रिस्ती लोकांसाठी नेमलेल्या दफनभूमीत दफन करण्याचा आदेश झाला. पण त्या प्रकरणातून शिकायचे ते हे: वाद कोर्टात गेला की नोंदीत नेमलेली जागा कोणती, हे निर्णायक ठरते. तुमच्या कबरीवर किती ग्रॅनाइट आहे याला तिथे किंमत नाही. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर ‘ख्रिश्चन दफनभूमी’ अशी नोंद आहे का, भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून ‘क’ प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) घेतली आहे का, विश्वस्त संस्थेच्या सरकारी नोंदणीतल्या परिशिष्ट १ मध्ये ती मिळकत दाखवली आहे का, हे पाहा. कितीतरी जागा मिशनच्या जुन्या नावावर पडून आहेत आणि १९७० मध्ये अनेक चर्च एकत्र येऊन ‘उत्तर भारतीय मंडळी’ (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाल्यावर हस्तांतर कोणाकडे झाले यावरून खटले चालू आहेत. एका पक्क्या कबरीच्या खर्चात मोजणीची फी सहज भागते. हद्दीचे दगड, तारेचे कुंपण आणि कबरींची नोंदवही, हा खरा पुरावा. नोंदवहीत रांग, क्रमांक, नाव, दफनाची तारीख, खोली, मातीचा प्रकार आणि वारसाचा पत्ता असावा.

दुसरा आक्षेप आठवणीचा. त्यासाठी नामभिंत. वीस फूट लांब, पाच फूट उंच भिंतीवर १२ बाय ४ इंचांच्या ३०० पट्ट्या मावतात, सगळ्या एकाच मापाच्या, एकाच दगडाच्या. डॉक्टरची आणि वॉर्डबॉयची पट्टी सारखी. हीच गोष्ट काहींना सर्वांत जास्त खुपेल. जुन्या शिळा मात्र हलवू नयेत. महाबळेश्वरच्या इंग्रजी काळच्या दफनभूमीतल्या, किंवा १८९४ मध्ये डॉ. वॉन्लेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले त्या पिढीच्या शिळा जिथे असतील तिथे त्या इतिहास आहेत. त्यांचे फोटो व वाचन करून ठेवावे आणि त्यांना चक्रातून वगळावे.

कबर पुन्हा उघडताना घाई नको. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर तीन रविवार उपासनेत नाव वाचावे, वारसाला पत्र द्यावे, लेखी संमती घ्यावी. उघडायचे ते फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत, हाताने, शेवटचे दोन फूट खुरप्याने. विघटन पूर्ण नसेल तर लगेच बुजवून पाच वर्षे पुढे ढकलावे. अस्थी सुती पिशवीत, त्याच खड्ड्याच्या तळाशी फूटभर खाली, पाळकाच्या प्रार्थनेसह ठेवाव्यात. ज्या मृत्यूबाबत पोलीस प्रकरण झाले असेल ती कबर यादीतच घेऊ नये. भारतीय न्याय संहितेचे कलम ३०१ दफनभूमीत भावना दुखावण्याच्या हेतूने केलेल्या कृत्यांना लागू होते. विश्वस्तांचा ठराव, वारसाची संमती आणि स्थानिक संस्थेला कळवल्याची पोच हातात असली की कोणी कलमाचा धाक घालू शकत नाही.

इथवर मातीचे झाले. नांगीचे, म्हणजे पापाचे आणि क्षमेचे, काय?

मंडळ्यांतली भांडणे कशावरून असतात ते सर्वांना ठाऊक आहे. मिशन कंपाउंडातले घर कोणाच्या ताब्यात, पास्टरेट कमिटीच्या (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) निवडणुकीत कोण कोणाच्या गटात, भावाने बहिणीचा हिस्सा दाबला, उसने घेतलेले परत केले नाही. वीस-वीस वर्षे दोन घरे एकाच बाकावर बसत नाहीत, आणि एक जण गेला की दुसरा सर्वांत मोठे पुष्पचक्र घेऊन येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात येशूने पायऱ्या घालून दिल्या आहेत: आधी एकट्याने जाऊन बोल, ऐकले नाही तर एक-दोघांना घेऊन जा, तरी नाही तर मंडळीला सांग. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो. आधी सगळ्या मंडळीला कळते, मग दोघे-चौघे गट करतात, आणि ज्याच्याशी बोलायचे त्याच्याशी कधीच बोलणे होत नाही. पाचव्या अध्यायात तर अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाकडे जायला सांगितले आहे. प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात पाळकाने दोन्ही घरी जावे, हा नेम पुन्हा लावायला हवा.

क्षमा म्हणजे ‘झाले गेले विसरा’ नव्हे. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. नियमशास्त्रात मूळ रकमेवर पाचवा भाग घालून परत करायची तरतूद आहे. बहिणीचे ५०,००० दाबले असतील तर ६०,००० परत द्यावेत आणि मग प्रार्थना करावी. क्षमा फुकट मिळते हे खरे. वधस्तंभावर तिची किंमत दुसऱ्याने भरली आहे. पण चोरलेली वस्तू खिशात ठेवून क्षमा मागणाऱ्याला क्षमा नकोच असते, त्याला फक्त गप्प बसलेला फिर्यादी हवा असतो.

या सगळ्यात एक ठिकाण असे आहे की तिथे मंडळ्यांनी समेटाचे नावही काढू नये. घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार, मुलांवरचा अत्याचार. वडीलमंडळी बाईला ‘सत्तर वेळा सात’ क्षमा कर हे येशूचे वचन ऐकवतात आणि घरी परत पाठवतात, हा वचनाचा गैरवापर आहे. मुलांच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्याने माहिती असणाऱ्या प्रत्येकाला कळवणे बंधनकारक केले आहे; पाळकाला सूट नाही. गुन्हेगाराला क्षमा मिळू शकते, तुरुंगातही मिळू शकते. ती मिळाली म्हणून शिक्षा टळत नाही. क्रूसावरच्या चोराला नंदनवनाचे वचन मिळाले आणि तो त्याच क्रूसावर मेला.

वेळेचाही प्रश्न आहे. पाळकाला बोलावणे येते तेव्हा मिरजेच्या एखाद्या अतिदक्षता विभागात रुग्ण व्हेंटिलेटरवर असतो. नळी घशात असलेल्याला काही कबूल करता येत नाही, कोणाला हाक मारता येत नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना (ज्येष्ठ कारभाऱ्यांना) बोलवावे असे म्हटले आहे ते अंतकाळासाठी म्हटलेले नाही. आजाराचे निदान झाले त्या आठवड्यात जावे. कोणाचे देणे आहे, कोणाशी बोलणे बंद आहे, मृत्युपत्र झाले आहे का, हे तीन प्रश्न सरळ विचारावेत. पुनरुत्थानावर विश्वास असलेल्या घरात हे विचारणे अशुभ ठरू नये.

शेवटी दफन नाकारण्याचे प्रकार. वर्गणी थकली, दुसऱ्या मंडळीत जात होता, आत्महत्या केली, बाप्तिस्मा झाला नव्हता, अशी कारणे देऊन फाटकाला कुलूप लावले जाते. थकबाकी जिवंत माणसाकडून वसूल करायची असते. आत्महत्येबाबत तर १९८३ च्या कॅथलिक धर्मविधीसंहितेनेही दफन नाकारण्याच्या कारणांत तिचा समावेश केलेला नाही. ज्या मंडळ्यांना ती संहिता लागूच नाही, त्यांनी तिच्याहून कठोर का व्हावे? आणि बाप्तिस्म्याचे म्हणाल तर साताऱ्यातच १९१७ मध्ये ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी ‘देवाचा दरबार’ मांडला तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी. पोटनियमात एक ओळ घालावी: थकबाकी, शिस्तभंग किंवा मृत्यूचे कारण यांमुळे कोणाही ख्रिस्ती कुटुंबाला दफनास जागा नाकारता येणार नाही.

हा ठराव ईस्टरनंतरच्या सभेत, पावसाआधी व्हावा, म्हणजे मोजणी आणि चाचपणी उन्हाळ्यात उरकते. मात्र तो मांडणाऱ्यांनी आधी एक काम करावे. बहुतेक दफनभूमींत फाटकाजवळच्या उंच, कोरड्या जागा काही घराण्यांनी आगाऊ राखून ठेवलेल्या आहेत, आणि त्यातली बरीच घराणी कमिटीवरही आहेत. त्यांनी आपापल्या राखीव जागा लेखी सोडून द्याव्यात आणि ती यादी नावांसह चर्चच्या सूचना फलकावर लावावी. त्याशिवाय ठराव मतदानाला घेऊ नये.